जयपूरचा हैफा दिन आणि ‘यिल्दिरिम’ सेनासमूह

जयपूर येथे तळ असलेल्या भारतीय लष्कराच्या ६१ व्या घोडदळ रेजिमेंटमध्ये २३ सप्टेंबर हा दिवस ‘हैफा दिन’ म्हणून पाळला जातो. १९१८ साली याच दिवशी जोधपूर आणि म्हैसूर या संस्थानांच्या घोडेस्वारांनी भाले आणि तलवारी घेऊन पॅलेस्टाईनमधील हैफा हे बंदराचे शहर सर केले होते. या पराक्रमाची माहिती आपल्याकडे अनेकांना आहे. मात्र त्या दिवशी समोर असलेली सेना नेमकी कोणाची होती, ती पॅलेस्टाईनमध्ये कशी आली आणि सव्वा वर्षात तिचा शेवट कसा झाला, याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही.

या सेनेचा उल्लेख सर्वसाधारणपणे ‘तुर्की सेना’ असा केला जातो, आणि सैनिकांच्या संख्येकडे पाहता तो चुकीचाही नाही. परंतु तिचे सरसेनापतिपद आरंभापासून जवळजवळ अखेरपर्यंत जर्मन सेनानींकडेच होते. जर्मन लष्करी दप्तरात तिची नोंद ‘सेनासमूह एफ’ अशी आहे. तुर्कांनी तिला ‘यिल्दिरिम’, म्हणजे वीज, असे नाव दिले होते.

बगदादसाठी उभारलेली सेना

११ मार्च १९१७ रोजी ब्रिटिश सेनापती जनरल मॉड यांच्या फौजांनी बगदाद जिंकले. या फौजांमध्ये भारतीय सैनिकांचा भरणा मोठा होता. बगदादचा पाडाव हा उस्मानी साम्राज्याच्या प्रतिष्ठेला बसलेला जबरदस्त धक्का होता. ते शहर परत मिळवण्याचा निश्चय युद्धमंत्री एन्वर पाशा यांनी केला आणि जर्मनीकडे मदत मागितली. जर्मनीने जनरल एरिक फॉन फाल्केनहाइन यांना पाठवले. फाल्केनहाइन हे १९१६ पर्यंत जर्मनीच्या सर्व सेनेचे प्रमुख होते. व्हर्दूनच्या लढाईतील अपयशानंतर त्यांना ते पद सोडावे लागले होते, पण त्यानंतर रुमानियाच्या मोहिमेत त्यांनी आपली कीर्ती बऱ्याच अंशी परत मिळवली होती.

१९१७ च्या उन्हाळ्यात यिल्दिरिमची स्थापना झाली. लिमान फॉन सँडर्स यांनी आपल्या आठवणींत नमूद केल्याप्रमाणे तिच्या मुख्यालयात ६५ जर्मन अधिकारी होते आणि तुर्की अधिकारी केवळ ९. मुख्यालयाचा कारभार जर्मन भाषेत आणि जर्मन पद्धतीने चाले. पुढे १९३२ मध्ये जर्मनीचे चॅन्सेलर झालेले फ्रान्झ फॉन पापेन हे या अधिकाऱ्यांपैकीच एक होते.

सैन्य मात्र तुर्की होते. त्याला बळ देण्यासाठी जर्मनीहून ‘पाशा दोन’ या सांकेतिक नावाने एक तुकडी पाठवण्यात आली. ‘आशिया कोर’ या नावानेही ती ओळखली जाते. ७०१, ७०२ आणि ७०३ या क्रमांकांच्या तीन पायदळी बटालियन आणि त्यांच्यासोबत मशीनगन, उखळी तोफा, तोफखाना, विमाने व मोटारवाहने अशी तिची रचना होती. संख्येने ही तुकडी लहान होती, परंतु तिची साधने तुर्की पलटणींच्या तुलनेत कितीतरी पटीने चांगली होती.

यिल्दिरिममधील सातव्या सेनेचे प्रमुख म्हणून मुस्तफा कमाल यांची नेमणूक झाली होती. जर्मन सेनापतीच्या हाती एवढी सत्ता देणे त्यांना मान्य नव्हते आणि बगदादच्या मोहिमेवरही त्यांचा विश्वास नव्हता. फाल्केनहाइन यांच्याशी त्यांचे तीव्र मतभेद झाले आणि १९१७ च्या शरद ऋतूत त्यांनी पद सोडले. पुढे आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक ठरलेले हेच कमाल एका वर्षाच्या आत त्याच सेनेवर परतणार होते, पण तोवर परिस्थिती हाताबाहेर गेलेली होती.

रेल्वेची अडचण

यिल्दिरिमच्या अपयशाची कारणे शोधताना रणांगणापेक्षा रेल्वेमार्गाकडे अधिक लक्ष द्यावे लागते. इस्तंबूलहून दक्षिणेकडे येणारी रेल्वे तॉरस आणि अमानुस या पर्वतांमधील बोगद्यांपाशी अपुरी होती. तेथे माल उतरवून पुढे न्यावा लागे. त्यानंतर सीरियातील रयाक येथे रुळांची रुंदी बदलत असे. उत्तरेकडून आलेल्या गाड्यांतील दारूगोळा, पीठ, औषधे, तोफा असे सर्व काही तेथे उतरवून अरुंद रुळांवरील डब्यांत पुन्हा भरावे लागे. कोळशाची टंचाई इतकी होती की इंजिने लाकडावर चालवली जात आणि त्यासाठी झाडे तोडली जात. अशा मार्गावरून वेगाने धडक देणारी ‘वीज’ चमकणार कशी, हा प्रश्न त्या काळीही काही जर्मन अधिकाऱ्यांना पडला होता.

त्यातच ६ सप्टेंबर १९१७ रोजी इस्तंबूलमधील हैदरपाशा स्थानकात प्रचंड स्फोट झाला. या मोहिमेसाठी साठवलेल्या दारूगोळ्याचा आणि सामग्रीचा मोठा भाग त्यात नष्ट झाला. बगदादची मोहीम जवळजवळ तेथेच संपुष्टात आली.

दरम्यान पॅलेस्टाईनच्या आघाडीवर जनरल एडमंड ॲलनबी यांनी ३१ ऑक्टोबर १९१७ रोजी बीरशेबा जिंकले. गाझाची फळी मोडली. बगदादकडे जाण्यासाठी उभारलेली सेना आता घाईघाईने, तुकड्या-तुकड्यांनी पॅलेस्टाईनकडे वळवण्यात आली. फाल्केनहाइन जेरुसलेमला पोहोचले तेव्हा माघार सुरू झाली होती. ९ डिसेंबर रोजी जेरुसलेम ब्रिटिशांच्या ताब्यात गेले.

मार्च १९१८ च्या आरंभी फाल्केनहाइन यांच्या जागी जनरल ओटो लिमान फॉन सँडर्स आले. १९१३ च्या डिसेंबरपासून तुर्कस्तानातील जर्मन लष्करी मंडळाचे ते प्रमुख होते आणि १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या यशस्वी बचावाचे श्रेय त्यांना मिळाले होते. त्यांनी मुख्यालयातील तुर्की अधिकाऱ्यांची संख्या वाढवली. फाल्केनहाइन यांचे डावपेच चपळ माघारीवर आधारलेले होते, तर आहे ती जमीन धरून ठेवायची हे लिमान यांचे सूत्र होते. ज्या सैन्याजवळ वाहतुकीची जनावरे उरलेली नाहीत ते माघारीत विस्कळीत होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो त्या परिस्थितीत अगदीच गैर नव्हता. पण त्यामुळे संपूर्ण सेना एका पातळ रेषेत पुढे उभी राहिली आणि मागे राखीव फौज जवळजवळ उरली नाही.

समोर भारतीय फौजा

२१ मार्च १९१८ रोजी जर्मनीने फ्रान्समध्ये मोठी चढाई सुरू केली. तिला तोंड देण्यासाठी ॲलनबी यांच्या ब्रिटिश पलटणी मोठ्या संख्येने फ्रान्सला हलवण्यात आल्या. त्यांच्या जागी मेसोपोटेमियातून दोन भारतीय डिव्हिजन आल्या आणि फ्रान्समधून भारतीय घोडदळ आले. जर्मनीने पश्चिमेकडे केलेल्या हल्ल्याचा असा परिणाम झाला की पॅलेस्टाईनमधील जर्मन सेनापतीसमोर उन्हाळ्यापर्यंत मुख्यतः भारतीय सैन्य उभे राहिले.

या फौजांमध्ये महाराष्ट्राशी नाते असलेल्या पलटणीही होत्या. तिसऱ्या लाहोर डिव्हिजनच्या ९ व्या ब्रिगेडमध्ये १०५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती. तीच पुढे मराठा रेजिमेंटची दुसरी बटालियन, म्हणजे सुप्रसिद्ध ‘काली पांचवी’ झाली. घोडदळात पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्स या दोन्ही रेजिमेंट पाचव्या कॅव्हलरी डिव्हिजनच्या १४ व्या ब्रिगेडमध्ये होत्या.

याच डिव्हिजनची १५ वी ब्रिगेड संस्थानी फौजांची होती. जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या संस्थानांचे लान्सर्स तिच्यात होते. या फौजांना ‘इम्पीरियल सर्व्हिस ट्रूप्स’ म्हटले जाई. त्यांचा खर्च संस्थाने करीत आणि स्वारांचे प्रत्यक्ष नेतृत्व भारतीय अधिकाऱ्यांकडे असे, ब्रिटिश अधिकारी सल्लागार म्हणून सोबत असत. ब्रिटिश हिंदुस्थानच्या नियमित सेनेत भारतीयाला स्क्वॉड्रनचे नेतृत्व मिळणे त्या काळी दुरापास्त होते, हे लक्षात घेतले म्हणजे या फरकाचे महत्त्व कळते.

१४ जुलै १९१८ रोजी या दोन्ही बाजूंची जॉर्डन खोऱ्यात चकमक झाली. अबू तुलूल येथे जर्मन बटालियननी ऑस्ट्रेलियन फौजांच्या ठाण्यांवर हल्ला केला. शेजारच्या तुर्की पलटणी ठरल्याप्रमाणे पुढे आल्या नाहीत आणि साडेतीनशेहून अधिक जर्मन सैनिक कैद झाले. पॅलेस्टाईनमधील जर्मनांचा हा सर्वांत मोठा स्वतंत्र हल्ला होता आणि तो फसला. त्याच दिवशी काही अंतरावर, जॉर्डन नदीच्या उताराजवळ, जोधपूर व म्हैसूरच्या स्वारांनी तुर्की घोडदळावर चाल केली. जोधपूरचे मेजर दलपतसिंह यांनी सोबत केवळ आपला बिगुलवाला असताना मशीनगनच्या ठाण्यावर घोडा घातला, ती मशीनगन काबीज केली आणि एका तुर्की रेजिमेंटच्या प्रमुखाला कैद केले. या कामगिरीसाठी त्यांना मिलिटरी क्रॉस देण्यात आला.

दोन दिवसांत कोसळलेली फळी

सप्टेंबर १९१८ च्या मध्यावर लिमान यांच्या हाताखाली तीन सेना होत्या. समुद्रकिनाऱ्याजवळ आठवी, मध्यभागी नाब्लुस परिसरात मुस्तफा कमाल यांची सातवी आणि जॉर्डनच्या पलीकडे चौथी. कर्नल फॉन ओपेन यांचा आशिया कोर आठव्या सेनेच्या डाव्या बाजूस होता. ॲलनबी यांच्या अहवालातील अंदाजानुसार समोर ३२,००० पायदळ, ४,००० घोडदळ आणि ४०२ तोफा होत्या, तर त्यांच्या स्वतःकडे ५७,००० पायदळ, १२,००० घोडदळ आणि ५४० तोफा होत्या. उपासमार, हिवताप आणि पळून जाणाऱ्या सैनिकांचे प्रमाण यांमुळे तुर्की पलटणींचे प्रत्यक्ष बळ कागदावरील आकड्यांपेक्षा बरेच कमी झाले होते.

ॲलनबी यांनी मुख्य हल्ला जॉर्डन खोऱ्यातून होणार असा आभास निर्माण केला. तेथील छावण्या तशाच ठेवून त्यांत कापडाचे खोटे घोडे उभे करण्यात आले आणि खरे घोडदळ रात्रीच्या वेळी किनाऱ्याकडे नेण्यात आले. विशेष म्हणजे १७ सप्टेंबर रोजी एक भारतीय हवालदार फुटून तुर्की बाजूस गेला आणि १९ तारखेला किनाऱ्यावर हल्ला होणार असल्याचे त्याने सांगितले. ती बातमी शब्दशः खरी होती. लिमान यांना मात्र हा माणूस शत्रूनेच पेरलेला वाटला. किनाऱ्यावरील तुर्की सेनानींनी थोडे मागे सरण्याची परवानगी मागितली, तीही त्यांनी नाकारली.

१९ सप्टेंबरच्या पहाटे विमानांनी अफुला येथील दूरध्वनी केंद्रावर आणि सेनांच्या मुख्यालयांवर बाँब टाकले. त्यामुळे नाझरेथमध्ये बसलेल्या लिमान यांचा आघाडीशी संपर्क तुटला. साडेचारच्या सुमारास तोफांचा भडिमार झाला आणि पायदळाने, त्यात लाहोर डिव्हिजनमधील मराठा पलटणही होती, काही तासांतच किनाऱ्याजवळची फळी फोडली. त्या खिंडारातून घोडदळ उत्तरेकडे निघाले. दुसऱ्या दिवशी पहाटे भारतीय व ब्रिटिश स्वार नाझरेथच्या रस्त्यांवर होते. आपली फळी कोसळली आहे याची पुरती कल्पना येण्याआधीच सेनासमूहाच्या मुख्यालयावर शत्रूचे घोडेस्वार येऊन ठेपले, असे युद्धाच्या इतिहासात क्वचितच घडले असेल. जर्मन कारकून, चालक आणि स्वयंपाकी यांच्या हाती बंदुका देऊन लिमान यांनी प्रतिकार उभा केला. स्वतः ते निसटले. ते रात्रीच्या पोशाखात पळाले, अशी कथा नंतर पसरली आणि ती आजही सांगितली जाते. हजाराहून अधिक कैदी घेऊन घोडदळ अफुलाकडे परतले आणि २१ तारखेला नाझरेथ कायमचे ताब्यात आले. त्याच दिवशी नाब्लुसकडून माघार घेणाऱ्या सातव्या सेनेच्या रांगांवर वादी फाराच्या अरुंद घाटात विमानांनी तासन्‌तास बाँब टाकले. तिचा तोफखाना आणि गाड्या तेथेच राहिल्या.

हैफा

दमास्कसकडे जाण्यासाठी ॲलनबी यांना समुद्रमार्गे रसद मिळणे आवश्यक होते आणि त्यासाठी हैफाचे बंदर हवे होते. शत्रूने शहर सोडल्याची बातमी विमानांकडून आली. त्यावर विसंबून २२ सप्टेंबर रोजी चिलखती मोटारींची एक तुकडी पाठवण्यात आली. तिच्यावर तोफांचा व मशीनगनचा मारा झाला आणि ती माघारी फिरली. दुसऱ्या दिवशी हे काम १५ व्या ब्रिगेडकडे सोपवण्यात आले. हैदराबाद लान्सर्स त्या दिवशी प्रत्यक्ष चढाईत नव्हते.

हैफाकडे जाणारा रस्ता एका चिंचोळ्या पट्टीतून जातो. दक्षिणेला कार्मेल पर्वताचा उभा चढ आणि उत्तरेला किशोन नदी व तिच्या काठची दलदल. कार्मेलच्या उतारावर तोफा, खाली मशीनगन. त्या तोफांपैकी काही ऑस्ट्रियन गोलंदाजांच्या हाती होत्या. म्हैसूरच्या स्वारांची एक तुकडी आधी पर्वतावर पाठवण्यात आली. चढ इतका अवघड होता की वर पोहोचेपर्यंत हल्ल्यास योग्य असे थोडेच घोडेस्वार उरले होते. तरीही त्यांनी तोफांवर चाल केली.

दुपारी दोनच्या सुमारास जोधपूर लान्सर्स खालच्या पट्टीतून दौडत निघाले. नदी ओलांडून बाजूने जाण्याचा बेत होता, पण काठच्या रेतीत पुढचे घोडे रुतू लागले. माऱ्याखालीच स्वारांनी डावीकडे वळण घेतले, कार्मेलच्या पायथ्याशी असलेल्या मशीनगनवर भाल्यांनी तुटून पडले आणि रस्ता मोकळा केला. मागून आलेले स्क्वॉड्रन व म्हैसूरचे उरलेले स्वार सरळ शहरात घुसले. मेजर दलपतसिंह यांना गोळी लागली आणि त्या जखमेने त्यांचा मृत्यू झाला. कॅप्टन अनूपसिंह आणि सेकंड लेफ्टनंट सगतसिंह यांना मिलिटरी क्रॉस, तर कॅप्टन अमानसिंह बहादूर आणि दफेदार जोरसिंह यांना इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट हे सन्मान मिळाले.

दोन्ही रेजिमेंटनी मिळून १,३५० कैदी घेतले. त्यात दोन जर्मन आणि ३५ तुर्की अधिकारी होते. १७ तोफा आणि ११ मशीनगन हाती लागल्या. भारतीय बाजूचे आठ जण ठार व ३४ जखमी झाले. ६० घोडे मारले गेले आणि ८३ जखमी झाले. अलीकडे समाजमाध्यमांवर आणि काही भाषणांतही शेकडो भारतीय हैफात धारातीर्थी पडल्याचे सांगितले जाते. त्याला आधार नाही. भाल्यांनिशी मशीनगनवर गेलेल्या तुकडीची हानी एवढी कमी व्हावी यातच त्या दौडीचा वेग आणि नेमकेपणा दिसून येतो. ही जगातील घोडदळाची अखेरची चढाई होती, हा दावाही खरा नाही. महिनाभरानंतर, २६ ऑक्टोबर रोजी, अलेप्पोच्या उत्तरेस हरितान येथे याच दोन रेजिमेंटनी मुस्तफा कमाल यांच्या पिछाडीच्या फौजेवर चाल केली. तिथे मात्र समोरचे सैन्य अपेक्षेपेक्षा पुष्कळ मोठे निघाले आणि चाल मागे घ्यावी लागली. जोधपूरचे ब्रिटिश सल्लागार लेफ्टनंट कर्नल होल्डन तेथे मारले गेले.

सेनासमूहाचा शेवट

आठवी आणि सातवी सेना नामशेष होत असताना आशिया कोरच्या जर्मन तुकड्या मात्र बऱ्याच अंशी शिस्तीत मागे सरल्या. शत्रुपक्षातील टी. ई. लॉरेन्स यांनीही आपल्या ग्रंथात त्यांच्या या शिस्तीची मोकळ्या मनाने प्रशंसा केली आहे. १ ऑक्टोबर रोजी दमास्कस आणि २६ ऑक्टोबर रोजी अलेप्पो पडले. तोपर्यंत ॲलनबी यांच्या सैन्याने सुमारे ७५,००० कैदी घेतले होते. त्यांत जर्मन व ऑस्ट्रियन मिळून साडेतीन हजारांहून अधिक होते.

३० ऑक्टोबर रोजी मुद्रोसचा युद्धविराम करार झाला. दुसऱ्या दिवशी अदाना येथे लिमान फॉन सँडर्स यांनी यिल्दिरिमची सूत्रे मुस्तफा कमाल यांच्याकडे सोपवली. जर्मन सेनापतीविना हा सेनासमूह जेमतेम एक आठवडा अस्तित्वात होता. नोव्हेंबरच्या आरंभीच तो विसर्जित करण्यात आला. लिमान यांना १९१९ मध्ये ब्रिटिशांनी माल्टा येथे काही महिने स्थानबद्ध ठेवले. त्यांनी लिहिलेल्या तुर्कस्तानातील पाच वर्षांच्या आठवणी १९२० मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांतील सूर बचावाचा असला तरी यिल्दिरिमच्या अभ्यासकाला तो ग्रंथ टाळता येत नाही.

जयपूरपर्यंतचा वारसा

१५ व्या ब्रिगेडचे स्मारक १९२२ मध्ये दिल्लीत उभारण्यात आले. लिओनार्ड जेनिंग्ज यांनी घडवलेले त्यातील तीन पुतळे जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या तीन संस्थानांचे प्रतीक आहेत. त्यावरूनच शेजारच्या वास्तूला ‘तीन मूर्ती’ हे नाव मिळाले. जुलै २०१७ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी हैफा येथील भारतीय सैनिकांच्या स्मशानभूमीस भेट दिली. जानेवारी २०१८ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान बेंजामिन नेतन्याहू यांच्या भेटीच्या वेळी दिल्लीतील चौकाचे ‘तीन मूर्ती हैफा चौक’ असे नामकरण करण्यात आले.

संस्थानांच्या विलीनीकरणानंतर त्यांच्या घोडदळांचे काय करायचे, हा प्रश्न स्वतंत्र भारताच्या लष्करासमोर होता. बहुतेक तुकड्या मोडल्या. ज्या राहिल्या त्या एकत्र करून ऑक्टोबर १९५३ मध्ये ग्वाल्हेर येथे एक नवी अश्वारोही रेजिमेंट उभारण्यात आली आणि जानेवारी १९५४ मध्ये तिला ‘६१ वे घोडदळ’ हे नाव देण्यात आले. ग्वाल्हेर लान्सर्स, जोधपूर-कच्छवा हॉर्स आणि म्हैसूर लान्सर्स हे तिचे मुख्य घटक. हैफाच्या दोन्ही रेजिमेंटचा वारसा अशा रीतीने तिच्याकडे आला, आणि पुढे जयपूर हे तिचे कायमचे ठाणे झाले. ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानाकडून आलेल्या परंपरेमुळे या रेजिमेंटमध्ये राजपूत आणि कायमखानी स्वारांबरोबर मराठा स्वारांचीही भरती होत आली आहे. १९६५ च्या युद्धात राजस्थानच्या गंगानगर भागातील सीमेवर तिच्या घोडेस्वारांनी गस्त घातली होती. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात दिल्लीच्या राजपथावर, म्हणजे आताच्या कर्तव्यपथावर, वर्षानुवर्षे दिसणारे घोडेस्वार याच रेजिमेंटचे आहेत.